धाग्याच्या आतला धागा

“शॉक तं नाही लागत ना, मॅडम?”

यवतमाळच्या ज्या दवाखान्यात मी ईसीजी काढते, तिथे पलंगावर आडवा होणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हा प्रश्न विचारतो. कोणी तोंडाने, कोणी नुसत्या डोळ्यांनी. माझं उत्तर ठरलेलं आहे. हे यंत्र वीज देत नाही. प्रत्येक ठोक्याआधी हृदयात किंचितशी वीज निर्माण होते, ती कातडीपर्यंत पोचते आणि तिचे चढउतार आम्ही कागदावर उमटवून घेतो. लाइनमनचं काम केलेले एक गृहस्थ हे ऐकून म्हणाले होते, “म्हंजे मीटर रीडिंग. असं सीधं सांगा ना.” तेव्हापासून मी सीधं सांगते.

या अंकासाठी कामाचे अनुभव लिहायचं कबूल केल्यावर मी आधी यादी केली. माझा स्वभावच तसा आहे. ईसीजीच्या खोलीच्या दारामागे माझ्या अक्षरातली कामांची यादी चिकटवलेली आहे. घरी किराण्याची यादी मी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते. आमच्या घरचे हसतात, पण सामान आणायला जाताना तीच घेऊन जातात. अनुभवांची यादी मात्र फारच लांबली. नोकरी कशी लागली, मशीन कितीदा बदललं, कोणते डॉक्टर आले आणि गेले, हे सगळं मी खोडून टाकलं. ते कोणाला वाचावंसं वाटेल असं मला वाटत नाही. खोडून उरलं ते लिहिते.

काम तसं साधं आहे. मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावायचे, त्यांचे रंग चुकवायचे नाहीत. छातीवर ठरलेल्या जागी जेली लावून रबरी फुगे चिकटवायचे. माणसाला निवांत पडू द्यायचं, बटण दाबायचं, कागद बाहेर येतो. त्या कागदावर प्रत्येक ठोक्याचं एक चित्र असतं: आधी छोटं टेकाड, मग उंच सुळका, मग एक गोलसर टेकडी. टेकाड म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे आकसले. सुळका म्हणजे खालचे दोन आकसले. टेकडी म्हणजे सगळं पुन्हा सैल झालं. हे चित्र सारख्या सारख्या अंतराने उमटत राहिलं की आम्ही खूश.

कठीण असतं ते माणसाला निवांत करणं. मारेगावकडच्या एका आजींच्या हातात चांदीच्या घट्ट पाटल्या होत्या. काढा म्हटलं तर त्या उठूनच बसल्या. “ह्या सासूनं घातल्या, आता सरणावरच निघतीन. तुही मशीन राहू दे.” मी चिमटा पाटलीच्या वर, कोपराखाली लावला. तिथेही तो चालतो. एक गुरुजी दर काही महिन्यांनी स्वतःहून येतात आणि म्हणतात, “मागच्या खेपेले फुगे लावले तं लय बरं वाटलं होतं. आज जरा जास्त वेळ राहू द्या.” ईसीजी हा उपचार नाही, हे मी त्यांना समजावून सांगणं आता सोडून दिलं आहे. आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आलेल्या मुलांचा प्रश्न तर ठरलेलाच. कागद अजून मशीनमधून पूर्ण बाहेर आलेला नसतो आणि पडद्यामागून आवाज येतो, “पास का नापास?”

मी निकाल सांगत नाही. तो डॉक्टरांनी सांगायचा. पण इतकी वर्षं रेघा पाहिल्यावर काय दिसतंय ते न कळणं शक्य नाही.

सगळ्यात फसवी असते ती थरथर. रेघ थरथरली तर माझं पहिलं काम हे ठरवणं, की थरथरतंय कोण. थंडीने किंवा भीतीने माणूस थरथरत असेल तर चादर घालायची, दोन शब्द बोलायचे. खोलीतली वीज मध्ये मध्ये करत असेल तर पंखा बंद करायचा, पलंग भिंतीपासून सरकवायचा. नातेवाइकाने पेशंटचा हात धरून ठेवला असेल तर तो सोडायला लावायचा. हे सगळं करूनही रेघ थरथरतच राहिली, सुळक्याआधीचं ते छोटं टेकाड कुठेच दिसलं नाही, आणि सुळके एक जवळ, एक लांब असे मनाला येईल तसे उमटत गेले, तर थरथरणारं हृदयच आहे. त्याला ऍट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

या थरथरीत पुष्कळदा दुखत नाही, खुपत नाही. माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. वरच्या कप्प्यांतून रक्त नीट पुढे ढकललं जात नाही, ते कोपऱ्यात साचतं, तिथे गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली की एका बाजूचा हातपाय जातो, कधी बोलणं जातं. असे पेशंट आमच्याकडे येतात. तोंड वाकडं झालेलं, हात लोंबलेला. त्यांचा ईसीजी काढताना ती थरथर दिसते आणि हाच कागद आधी कधी निघाला असता तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही. या नोकरीतली माझी खंत विचाराल तर ती हीच. आमच्याकडे माणसं फार उशिरा येतात.

मधुकरकाका मात्र वेळेवर आले. पण ते दुसऱ्याच कोणाला घेऊन आले होते.

पोळा होऊन बरेच दिवस झाले होते, कापसाची वेचणी सुरू झाली होती. नेरहून एक जोडपं आलं. काका उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, आणि भुवयांत रुईचे तंतू अडकलेले. बरोबर कुसुमकाकू, ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या. कागदावर नाव काकूंचं होतं.

“हिचं काढा,” काका म्हणाले. “हिची नाडी चुकून राह्यली.”

“काकू, काय त्रास होतो तुम्हाला?”

“मले?” काकू म्हणाल्या. “मले काहीच नाही होत. जे होते ते यायलेच होते. पोळ्यापासून मले जाग्यावरून उठू देत नाहीत. पाण्याचा गुंड उचलला का ओरडतेत. पोरगी फुलसावंगीले हाय, तिचे दिवस भरत आले, तं मले तिकडे जाऊ देत नाहीत. म्हंते रस्त्यात काही झालं तं?”

“तू चूप बैस वं. नाडी कोण पाहाते? मी का तू?”

“पाहाता तुम्ही. पन हात तं माहाच हाय ना!”

मी काकूंना आडवं केलं. त्यांनी शॉकचं विचारलं नाही. “लवकर काढ बाई,” एवढंच म्हणाल्या. कागद बाहेर आला तो इतका स्वच्छ की शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवावा. टेकाड, सुळका, टेकडी. टेकाड, सुळका, टेकडी. निकाल न सांगण्याचा माझा नियम बाजूला ठेवून मी म्हटलं, “काका, काकूंचं हृदय छान चाललंय. डॉक्टरसाहेबही हेच सांगतील.”

“मशीन पुन्हा लावा.”

“लावली तरी हेच येईल.”

“मॅडम,” काका उभे राहिले, “मी ग्रेडर आहो.”

ग्रेडर म्हणजे काय हे यवतमाळात सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. जिनिंगमध्ये सरकी काढून उरलेल्या रुईची प्रत ठरवणारा माणूस तो. रुईचा चिमूटभर पुंजका दोन्ही अंगठ्यांत आणि बोटांत धरायचा, ओढून दोन भाग करायचे, ते एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे. असं करत गेलं की आखूड तंतू गळून पडतात आणि उरलेले सगळे केस विंचरल्यासारखे एका दिशेने लागतात. मग त्यांची लांबी नजरेने सांगायची आणि ओढताना अंगठ्याला जाणवलेल्या ताणावरून मजबुती. आता लॅबमध्ये यंत्रं आली आहेत. तरी जुना ग्रेडर आधी हात घालतो, कागद मागून पाहतो.

“मी अंगठ्यानं सांगतो ते लॅबवाले मागून सांगते,” काका म्हणाले. “ह्या अंगठ्यानं मले आजलोक धोका नाही देल्ला. अन् तुम्ही म्हंता नाडी बरोबर हाय?”

“बरं, दाखवा तुम्ही कशी पाहता.”

त्यांनी काकूंचं मनगट हातात घेतलं. अंगठा नाडीवर रोवला, रुई ओढताना रोवावा तसा, चांगला दाबून. डोळे मिटले. “हे पाहा. एक. मंग दोन लगोलग. मंग गायब. मंग हे एक आलं. आता तुम्हीच सांगा.”

मला ते पाहताक्षणी कळलं. नाडी कधीही अंगठ्याने पाहायची नाही, हे आम्हाला शिकवतानाच पढवलेलं असतं. अंगठ्यात स्वतःची रक्तवाहिनी असते आणि ती चांगली ठसठशीत उडते. दाबून धरलं की समोरच्याची नाडी बाजूला राहते, स्वतःचीच लागते. म्हणून तीन बोटं. पण ज्याने सगळं आयुष्य अंगठ्याच्या भरवशावर काढलं, तो बोटं कशाला लावेल?

हे तोंडाने सांगून पटणार नव्हतं. मी खिडकीजवळचं लाकडी स्टूल पुढे ओढलं. “काका, आता याची पाहा.”

“स्टुलाची?”

“तसाच अंगठा दाबा.”

मी चेष्टा करते आहे असं वाटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्टुलाच्या कडेवर अंगठा दाबला. पुन्हा डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, “यालेही हाय.”

“कशी आहे?”

“तशीच. चुकून राह्यली.”

काकूंना हसू आवरेना. “आता ह्या स्टुलालेही घरी घेऊन चाला! त्यालेही बसवून ठेवा, उठू नका देऊ!” पडद्याबाहेर बाकावर बसलेले लोक सगळं ऐकत होते. तेही खो खो हसले.

मी मात्र तोवर काकांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली होती. मला हसू येण्यासारखं तिथे काही लागत नव्हतं. मी त्यांना शर्ट काढायला लावला. ते रागातच आडवे झाले. कागदावर रेघ थरथरत निघाली, टेकाड कुठेच नव्हतं, सुळके वाटेल तिथे. चादर घातली, पंखा बंद केला, तरी तेच.

डॉक्टरसाहेबांनी त्यांना समजावलं. रक्त पातळ ठेवणारी गोळी लिहून दिली, ती रोज घ्यायची, स्वतःच्या मनाने सोडायची नाही, असं बजावलं. काका मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष कागदावरच्या इंग्रजी अक्षरांकडे होतं. बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला.

“हे पाहा. एफ, आय, बी, आर. फायबर. हा आमचा शब्द हाय. लॅबच्या रिपोर्टवर असते. माणसाच्या दिलात कापूस कुठून आला?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता, “तुमची मशीन काहीच्या काही लिहून राह्यली,” असं म्हणून जिना उतरले. काकू मागून हात जोडत गेल्या.

मी तिथेच उभी राहिले. फिब्रिलेशन हा शब्द मी किती कागदांवर लिहिला असेल! त्यात धागा आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशीच्या कामांच्या यादीत शेवटी मी लिहिलं: दिलात कापूस?

दुसऱ्या दिवशी डबा खाताना डॉक्टरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “फिब्रिल म्हणजे बारीक तंतू, त्यावरूनच आहे. हृदय उघडं असताना हे सुरू झालं तर ते आकसत नाही, नुसतं वळवळतं. पिशवीत गांडुळं भरल्यासारखं दिसतं. ज्यांनी पूर्वी ते पाहिलं त्यांना वाटलं, मांसाचा एकेक तंतू आपापला नाचतोय. खरं तर विजेच्या लाटा वाट चुकून फिरत असतात. पण नाव पडलं ते पडलं.” आणि त्यांनी त्यांच्या कपाटातला जाड शब्दकोश मला काढून दिला.

त्यात वाचत गेले तसतशी मजा वाटायला लागली. प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत ‘फिब्रा’ म्हणजे तंतू. मुळाचा, मांसाचा, कशाचाही. बळी दिलेल्या जनावराच्या यकृताच्या पाकळ्यांनाही तिकडे फिब्रा म्हणत, आणि त्या पाहून पुढचं भविष्य सांगणारे लोक असत. हे वाचून मी थोडी थांबले. आतल्या अवयवावरून पुढचं सांगायचं, म्हणजे आमचाच धंदा की! फिब्रा हा शब्द त्या भाषेत कुठून आला, यावर विद्वानांचं एकमत नाही. आपल्या ‘तंतू’चं मात्र सरळ आहे. तो ‘तन्’ या संस्कृत धातूपासून निघाला, म्हणजे ताणणं. जे ताणलं जातं ते तंतू. काका रोज जे करतात, नेमकं ते.

फिब्राचं धाकटं रूप फिब्रिला. आपण डब्याची डबी करतो, तसं. वनस्पती पाहणाऱ्यांनी झाडाच्या मुळांवरच्या केसासारख्या बारीक मुळ्यांना तो शब्द वापरला, शरीर पाहणाऱ्यांनी मांसाच्या तंतूच्या आतल्या तंतूंना. मराठी विज्ञानात त्याला तंतुक म्हणतात. आणि शेवटी जे सापडलं त्याने तर मी खुर्चीत सरळच बसले. कापसाच्या एका तंतूच्या भिंतीतही असेच फिब्रिल असतात, पीळ घालत थरांवर थर गुंडाळलेले. म्हणजे काकांचं म्हणणं बरोबर होतं. शब्द त्यांचाही होता.

हे त्यांना कधी सांगीन असं मला झालं होतं. पण त्याआधी काकूंचा फोन आला.

“ताई, गोळ्या नाही घेऊन राह्यले. आनल्याच नाहीत. म्हंते, ज्या मशीनीले कापूस अन् काळीज यातला फरक नाही समजत, तिचं कायले ऐकू? अन् म्हंते रक्त पातळ झालं तं बोंडाचा काटा लागून बोट चिरलं का धार लागंन. मी हासली म्हणूनही राग हाय. बाजारात गोष्ट पोचली ना, लोक विचारतेत, स्टुलाची तब्बेत कशी हाय?”

“त्यांना घेऊन या.”

“ते नाही येत.” मग काकू म्हणाल्या, “पन माह्यासाठी येतीन.”

दोन दिवसांनी काकू खोलीत आल्या त्या छातीला हात लावूनच. “मले धडधड होऊन राह्यली, मॅडम,” आणि काकांची पाठ वळताच डोळा मिचकावला. मी गंभीर चेहऱ्याने त्यांचा ईसीजी काढला. पहिल्यासारखाच स्वच्छ. काकांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“काका,” मी म्हटलं, “तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं.”

“कोणत्या?”

“दिलात कापूस कुठून आला.”

ते स्टुलाकडे न पाहता खुर्चीवर बसले. मी त्यांना फिब्रा सांगितलं, फिब्रिला सांगितलं.

“त्या रोममंदी कापूस होये?” त्यांनी विचारलं.

“पिकत होता का ते माहीत नाही. पण धागा सगळीकडेच असतो.” मग कापसाच्या धाग्यातल्या धाग्यांचं सांगितलं. ग्रेडरच्या खिशात रुई असतेच. त्यांनी ती काढली, सवयीने दोन्ही अंगठ्यांत धरून ओढली, जुळवली, ओढली. शेवटी त्यातला एकच तंतू चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला.

“याच्या आत?”

“याच्या आत. पीळ घालत गुंडाळलेले. भिंगाने पाहावं लागतं, साध्याही नाही, फार मोठ्या भिंगाने.”

“मी समजत होतो इथं संपलं,” ते म्हणाले. “धागा म्हंजे शेवट.”

त्यांनी पुन्हा पुंजका घेतला. मी म्हटलं, “तुम्ही ओढलं की हे सगळे एका दिशेने लागतात ना? हृदयाचंही काम तसंच. सगळ्या तंतूंनी एका वेळेला ओढायचं, मग रक्त पुढे जातं. तुमच्या वरच्या कप्प्यांत ते एका वेळेला ओढत नाहीत.”

“ज्याचं त्याचं चालू हाय.”

“हो. मग रक्त साचतं. साचलं की गोठतं. आणि गोठतं म्हणजे काय, तर त्यात धागे तयार होतात, त्यांचं जाळं होतं. त्या धाग्याचं नाव फिब्रिन.”

“फिर तेच घरानं?”

“तेच घराणं.”

काकू मध्येच म्हणाल्या, “म्हंजे यायच्या छातीत जिनिंगच चालू हाय.”

काका हसले नाहीत. “तो गुंता कुठं जाते?”

“मेंदूत जाऊ शकतो. मग बहुधा एका बाजूचा हात जातो. उजवा गेला तर बोलणंही जातं कधी.” हे मी पडद्याआड ज्यांना पाहिलं त्यांना आठवून सांगितलं, त्यामुळे माझा आवाज जरा वेगळा झाला असावा. काकांनी उजव्या हातातली रुई डाव्या हातात घेतली आणि अंगठ्याकडे पाहत राहिले.

“मंग ह्यानं मले जे सांगतलं पोळ्यापासून…”

“ते बरोबर होतं. अगदी बरोबर. आमच्या मशीनच्याही आधी त्याला कळलं. फक्त ती काकूंची नाडी नव्हती.”

ते एकदम ताठ बसले. “नमुना बरोबर, चिठ्ठी दुसऱ्या गाडीची!” आणि मला समजावून सांगायला लागले. बाजारात गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीचा नमुना काढून त्यावर नावाची चिठ्ठी ठेवतात. कधी वारा येतो, कधी धांदल होते, आणि याची चिठ्ठी त्याच्या मालावर जाते. ग्रेडरचा हात चुकलेला नसतो, चिठ्ठी चुकलेली असते. अशा वेळी ग्रेडरने भांडायचं नसतं, चिठ्ठी उचलून जागेवर ठेवायची असते. “तुह्या नावाची चिठ्ठी माह्या मालाले लागली वं,” ते काकूंना म्हणाले.

“मंग मले जाऊ द्या फुलसावंगीले.”

“जाय ना. तुले कोन धरलं?”

“अन् गोळी?”

काकांनी माझ्याकडे वळून नमुना तपासावा तशी चौकशी सुरू केली. बोट चिरलं तर? नेहमीपेक्षा जास्त वेळ घट्ट दाबून धरायचं, नाही थांबलं तर दवाखान्यात यायचं. दात काढायचा झाला तर? आधी डॉक्टरांना सांगायचं. मग त्यांनी विचारलं, “गोळी कोणता धागा बंद करते? दिलातला का रक्तातला?”

“रक्तातला. दिलातले थरथरतच राहतील कदाचित.”

“म्हंजे बिमारी तशीच?”

“तशीच राहील. धोका कमी होईल.”

हे सांगायला नको होतं की काय, असं मला क्षणभर वाटलं. पण काकांनी मान डोलावली. “हे बरं सांगतलं. एखादा दलाल असता तं म्हणाला असता, दोन्ही बंद करून देतो.” रुई खिशात टाकून ते खाली औषधाच्या दुकानात गेले. काकूंना मी तेवढ्यात तीन बोटांनी नाडी कशी पाहायची ते दाखवलं. त्या माझ्याच मनगटावर सराव करत म्हणाल्या, “तुही तं घोड्यासारखी पळून राह्यली, ताई. जेवली नाहीस का?”

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला काका एकटेच आले. काकू नातवाजवळ फुलसावंगीला होत्या आणि तिथून रोज सकाळी फोन करून गोळी घेतल्याचं फोनवरच कबूल करवून घेत होत्या. मी चिमटे लावले, फुगे लावले, बटण दाबलं. कागद बाहेर आला. टेकाड नव्हतं. सुळके वाटेल तिथे. रेघ तशीच थरथरत होती.

“नाचूनच राह्यले का अजून?” काकांनी पडल्या पडल्या विचारलं.

“नाचतायत.”

“नाचू द्या. मी काय नेरचा बाजार सोडून त्यायले वळन लावत बसू?” ते उठून बसले. मी छातीवरची जेली पुसायला कापूस दिला. त्यांनी तो आधी चिमटीत ओढून पाहिला, नाक मुरडलं, “कवडी माल हाय हा,” म्हणाले, आणि मग पुसलं. खुर्चीवरचा शर्ट घेतला, अंगात घातला आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावत गेले, उजव्या हाताने, माझ्याशी बोलत बोलत, खाली न पाहता.